नवरा एचआयव्ही पॉझिटिव्ह, मी निगेटिव्ह. मग माझे रक्त कडक आहे का?

एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. इथे सांगते त्या बाईंची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

साखर कारखान्यात हंगामी काम करणाऱ्या त्यांच्या नवऱ्याला क्षयरोग झाला आणि त्याच वेळच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. लग्नाला अकरा वर्षे झालेली, निरोध कधी वापरलेला नाही, तरी बाईंचा अहवाल निगेटिव्ह आला. घडी घालून घालून मऊ पडलेला तो कागद माझ्यासमोर पसरून त्या म्हणाल्या, "ताई, सासूबाई म्हणतात, तुझं रक्त कडक आहे, तुला काही होत नाही. मग आता निरोध कशाला?"

त्यांच्या आवाजात आशा होती, आणि ती मोडताना मला जड गेले. उपचार न घेणाऱ्या जोडीदाराशी निरोधाशिवाय संबंध आल्यास पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याची शक्यता दर 10,000 संबंधांमागे सरासरी 8 च्या आसपास असते, तर स्त्रीकडून पुरुषाला सुमारे 4. म्हणजे बाई इतकी वर्षे वाचल्या त्या नशिबाने. आणि मुळात नवऱ्याला लागण कधी झाली, हेही कुणाला ठाऊक नव्हते. शिवाय लागण नुकतीच झाली असेल, तर ती चाचणीत दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरवली.

स्त्रीला धोका अधिक का, हे मी कागदावर चित्र काढून सांगितले. योनीच्या आतील नाजूक अस्तराचा पृष्ठभाग मोठा असतो, वीर्य तिथे बराच वेळ राहते आणि गर्भाशयमुखाच्या आतल्या भागाचे अस्तर तर पेशींच्या एकाच थराचे असते. चांगले जिवाणू तिथे आम्लता टिकवून संरक्षण करतात, पण ते कमी झाले, जखम किंवा हर्पिस या लैंगिक आजाराचे फोड आले, की वाट मोकळी होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सूज आली की शरीर तिथे लढायला ज्या पेशी पाठवते, त्यांतल्याच सीडी-4 पेशींमध्ये हा विषाणू शिरतो. त्यामुळे "प्रतिकारशक्ती चांगली म्हणजे लागण नाही" हे गणित इथे लागू पडत नाही.

हे ऐकताना त्या थांबल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "अंगावरून पांढरं जातं, खाजही येते, दोन वर्षं झाली." हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितले नव्हते. मी त्यांना त्याच दिवशी लैंगिक आजारांवर उपचार करणाऱ्या सुरक्षा क्लिनिकमध्ये नेले. तपासणीनंतर तिथून त्यांना अशा तक्रारीसाठीचे हिरवे औषधी किट मिळाले.

वारंवार संपर्क येऊनही लागण न होणाऱ्या स्त्रिया असतात, हे खोटे नाही. नैरोबीच्या पुमवानी वस्तीतील देहविक्रय करणाऱ्या अशा स्त्रियांचा 1980 च्या दशकापासून अभ्यास झाला आहे. परंतु त्यांच्यातल्याही काहींना पुढे लागण झाली. आपण त्यांतल्या आहोत की नाही, हे सांगणारी कोणतीही तपासणी माझ्या केंद्रात नाही.

खरा आधार नवऱ्याच्या गोळ्यांचा आहे, हे त्या दोघांना एकत्र बसवून सांगितले. रोज न चुकता औषध घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. तोवर निरोध हवाच.

तीन महिन्यांनी बाईंचा अहवाल पुन्हा निगेटिव्ह आला. या वेळी त्यांनी रक्ताचा विषय काढला नाही. नवऱ्याच्या व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाच्या तपासणीची तारीख विचारली आणि ती त्याच्या एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या) पुस्तिकेच्या मागच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून घेतली.