कानडीत कविता, काकांचा राग

खानापूरच्या ताई,

तुमचं म्हणणं असं: घरी मराठी, शाळा कन्नड माध्यमाची, कविता सुचते ती कन्नडमध्ये. काका म्हणतात, "आईची भाषा टाकलीस." मराठीत लिहायला बसलं की निबंध होतो. त्यात कन्नडच्या सरांनी तुमची भामिनी षट्पदी (कन्नडमधलं सहा ओळींचं मात्रावृत्त) 'अडखळते' म्हणून परत दिली.

काकांचं आधी उरकू. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठीच बोलत; १९७३चं ज्ञानपीठ मिळालं ते 'नाकुतंती' या कन्नड संग्रहाला. मराठीतही त्यांनी लिहिलंच. एवढं सांगा आणि वाद सोडा.

अडखळण्याचं कारण मात्र खरं आहे. भामिनीची पहिली ओळ ३-४-३-४, एकूण १४ मात्रांची. मराठीत ए आणि ओ कायम दोन मात्रांचे. कन्नडमध्ये ते ऱ्हस्वही असतात. 'दे' या अर्थाचा 'कोडु' १+१, शिंग या अर्थाचा २+१. तुम्ही लिहिता बरोबर, मोजता मात्र घरच्या कानानं. पाठवलेल्या कडव्यात 'एले' (पान) चार मात्रांचं धरलंय. ते दोनच, म्हणून ओळ १२वर येऊन लंगडते. दुसरं, तुमचा सगळा जोर शेवटच्या यमकावर. इथे प्रास हवा तो दुसऱ्या अक्षरात: प्रत्येक ओळीत तेच व्यंजन, आणि पहिलं अक्षर एका ओळीत लघु असेल तर सगळीकडे लघुच. मात्रा पेन्सिलीनं ओळीवर मांडा, मगच सरांकडे जा.

मराठीचा निबंध का होतो? घरात 'ये की, बस की' म्हणता आणि कागदावर 'आगमन' लिहिता. त्या 'की'सकट लिहा. साचा अभंगाचा घ्या: ६-६-६-४ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. कन्नड कवितेचं मराठी करत बसू नका, दोन्हीकडची लय जाते.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. तुमच्या प्रेमकविता तेवढ्या मराठीत अजिबात येत नाहीत. कन्नडमध्ये 'नानु बंदे' (मी आलो किंवा आले) म्हटल्यावर बोलणारी बाई की पुरुष, कळत नाही. 'मी आले' म्हटलं की लगेच कळतं. हा आडोसा हवा असेल तर त्या कन्नडमध्येच राहू द्या, त्यात कमीपणा नाही. नको असेल, तर एखादी कविता थेट अशाच क्रियापदानं सुरू करा. काकांना ती दाखवायलाच हवी असं नाही.