दुसऱ्यांदा चढणारा तवा

साताऱ्याहून आलेल्या एका पत्राचा सारांश: "माझे वय 54. पती बँकेतून निवृत्त झाले आहेत. 27 वर्षांचा मुलगा पुण्यातील नोकरी सोडून राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो. दोन प्रयत्न वाया गेल्यावर तो घरी परतला. 14 महिन्यांपूर्वी जेवताना हे त्याला म्हणाले, 'अजून किती दिवस बापाच्या जिवावर खाणार?' तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. सगळे निरोप माझ्यामार्फत जातात. मुलगा रात्री साडेदहाला अभ्यासिकेतून येतो. त्याच्या गाडीचा आवाज आला की हे टीव्ही बंद करून आत निघून जातात. मला रात्री दोनदा पोळ्या कराव्या लागतात, पण त्याचे काही नाही. समुपदेशकाकडे जाऊ या म्हटले, तर हे म्हणतात, 'मला वेड लागलेले नाही', आणि मुलगा म्हणतो, 'आधी बाबांना ने.' दोघांपैकी कोणाला आणि कसे तयार करू?"

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा पोळ्यांच्या त्या वाक्यापाशी थांबले. "पण त्याचे काही नाही" असे म्हणून तुम्ही ते बाजूला सारले आहे. मला मात्र तुमच्या घराची सारी अडचण तिथेच दिसते. आठ वाजता यजमानांचे जेवण होते, तवा उतरतो, ओटा पुसून होतो, उरलेली कणीक तुम्ही झाकून ठेवता, आणि अडीच तासांनी तोच तवा पुन्हा चढतो. अशा चारशेहून अधिक रात्री झाल्या. एवढ्या रात्री दोन मोठी माणसे अबोला धरून राहू शकली, कारण त्या अबोल्याची झळ तुम्ही त्यांच्या ताटापर्यंत कधी पोहोचू दिली नाही. गरम पोळी दोघांनाही मिळते आणि भांडणाची किंमत एकट्या तुम्ही मोजता.

हे वाचून तुम्हाला माझा राग येईल. तुम्ही किती सोसता हे नातेवाइकांनी तुम्हाला पुष्कळदा सांगितले असेल; मीही तेच सांगितले, तर आज रात्री साडेदहाला तुम्ही पुन्हा तवा ठेवाल, आणि ते मला नको आहे.

मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबांचा अभ्यास करताना नेमकी हीच रचना 'त्रिकोण' म्हणून मांडली आहे. दोन माणसांमधला ताण त्यांना पेलवेनासा झाला की ते तिसऱ्या माणसाला मध्ये ओढतात. त्याने ताण थोडा हलका होतो, म्हणून तो सुटण्याऐवजी तसाच मुरत राहतो. तुमच्या घरातले तिसरे माणूस तुम्ही आहात. बोवेन यांच्या कामातली दुसरी गोष्ट तुमच्या अधिक उपयोगाची आहे: सगळे कुटुंब एकत्र येईपर्यंत ते थांबत नसत, ज्या एका माणसाला बदल हवा आहे, त्याच्याबरोबर ते काम करीत, कारण त्रिकोणाचा एक कोन हलला की उरलेल्या दोघांना आपली जागा सोडावीच लागते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर एकच आहे. दोघांपैकी कोणालाही नेऊ नका. तुम्ही जा, आणि एकट्या जा.

"पण मला काय झाले आहे?" असे तुमच्या मनात येईल. काही झाले असलेच पाहिजे असे नाही. समुपदेशकासमोर पाऊण ते एक तास तुम्ही बोलाल. औषध नसते, तपासणी नसते. जावेने किंवा बहिणीने सल्ला दिला की त्यात कोणाची तरी बाजू घेतलेली असते. प्रशिक्षित समुपदेशक बाजू घेत नाही आणि निवाडाही करीत नाही. गाडीचा आवाज आला की तुमच्या छातीत काय होते, 'बाबांना सांग' असे मुलगा म्हणाला की 'तूच सांग' हे दोन शब्द तुमच्या तोंडून का निघत नाहीत, हे तो विचारील. मग ते दोन शब्द तुमच्याकडून म्हणवून घेईल, कदाचित दहा वेळा. तुम्ही निरोप्याचे काम थांबवल्यावर घरात आदळआपट होईल, दोघेही तुमच्यावर रुसतील. त्याची तयारी करून घेणे हाच या भेटींचा मोठा भाग आहे. म्हणूनच, उद्यापासून दुसऱ्या पोळ्या बंद करा, असे मी सांगत नाही. रागाच्या भरात बंद केलेल्या पोळ्या चार दिवसांत पुन्हा सुरू होतात.

गावात बोभाटा होईल, ही भीती पत्रात नाही, पण असणार. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 ने उपचारांबाबतच्या गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि कोणाच्या जिवाला धोका असण्यासारखे अपवाद सोडले, तर तुमचे बोलणे त्या खोलीबाहेर जाता कामा नये. भेट ठरवताना शिक्षण, अनुभव आणि शुल्क निःसंकोच विचारा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. पहिल्याच भेटीत चूक कोणाची हे जो सांगून टाकील, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

मुलाबद्दल एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही. दोनदा अपयश आलेला, बापाचा तो शब्द गिळून बसलेला मुलगा आहे. तो जगण्याचा कंटाळा आल्यासारखे काही बोलला, झोप-जेवण तुटले, तर घरातला अबोला बाजूला ठेवून त्याच्याशी थेट बोला आणि मनोविकारतज्ज्ञाला गाठा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणि तुमच्यासाठी: या आठवड्यात फोन करून संध्याकाळची वेळ घ्या. देवळात जाते, बाजारात जाते, असे सांगू नका. दोघांनाही स्वतंत्रपणे, एकच वाक्य सांगा: "मी समुपदेशकाकडे जाते आहे, माझ्यासाठी." यजमान विचारतील की मुलाला सांगितले का, तेव्हा "तुम्हीच विचारा" म्हणा. यायला उशीर झाला तर कणीक भिजवून फ्रिजमध्ये ठेवली आहे, एवढे सांगा आणि चपला घाला.