चिठ्ठीच्या जोरावर पिस्तूल घरात ठेवता येत नाही

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी चौदा वर्षांची. शाळेच्या शिबिरात एअर पिस्तूल चालवून आली आणि तेव्हापासून तिला नेमबाजीच शिकायची आहे. वडिलांनी चुलतभावाचं परवान्यावरचं पॉइंट टू-टू (०.२२ इंची नळीचं) पिस्तूल विकत घ्यायचं ठरवलं, इसारा म्हणजे आगाऊ रक्कमही दिली. भाऊ दीड महिन्यासाठी परदेशी गेला. जाताना पिस्तूल आणि काडतुसांची एक डबी यांच्याकडे ठेवून गेला, सोबत सही केलेली चिठ्ठी: ‘माझे शस्त्र माझ्या संमतीने यांच्या ताब्यात आहे.’ आता वाचक विचारतात, मुलीच्या हाताला एकेक काडतूस भरायचं पिस्तूल बरं की मॅगझिनचं, आणि भाऊ परतल्यावर पिस्तूल ‘नावावर’ कसं करून घ्यायचं?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली मनू भाकरला दोन आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला एक पदक मिळालं, तेव्हापासून या धाटणीची पत्रं सतत येतात. सगळ्यांना आधी पिस्तुलाचं मॉडेल हवं असतं, परवान्याचा विषय शेवटच्या ओळीत. विनापरवाना शस्त्र बाळगू नये हे मी इथे समजावत बसत नाही. ते तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच तर चिठ्ठी मागून घेतलीत.

सगळं अडलंय ते त्या चिठ्ठीपाशी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३(१) ला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, आहे. स्वतःकडे परवाना नसलेला माणूस परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर त्याचं शस्त्र नेऊ शकतो, पण तीनच कारणांसाठी: दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण, किंवा त्या परवानाधारकाला स्वतःला वापरता यावं म्हणून. तुमच्या भावाने चिठ्ठीत यातलं एकही कारण लिहिलेलं नाही, आणि लिहिलं असतं तरी ते खरं नव्हतं. तो परदेशात असताना पिस्तूल त्याच्या वापरासाठी तुमच्या कपाटात आहे, असं कोणत्या न्यायाधीशाला सांगणार? सांभाळायला देणं, हाताळून बघायला देणं, विक्री पक्की होईपर्यंत ठेवायला देणं, यातलं काहीच परंतुकात बसत नाही.

उलट, तुम्ही जिला ढाल समजताय ती चिठ्ठी सरकारी वकिलाचं निम्मं काम करते. शस्त्र खटल्यांत बचावाला बहुतेक वेळा एकच जागा सापडते: वस्तू तिथे होती हे आरोपीला माहीतच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल निकालात ताब्याचा अर्थ स्पष्ट केला आहे. वस्तू प्रत्यक्ष हातात असण्याची गरज नाही, जाणीव आणि नियंत्रण असलं की ताबा सिद्ध होतो. तुमच्याकडे जाणीव लेखी आहे, तारखेसकट. ‘ताब्यात’ हा शब्द भावाने स्वतःच्या हाताने लिहून दिला आहे. वर भाऊही मोकळा नाही. परवाना त्याचा, शस्त्र दुसऱ्याच्या घरी, म्हणजे परवान्याच्या अटींचा प्रश्न त्याच्यापुढेही उभा राहतो.

शिक्षेबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगतो. कलम २५(१ब) खाली विनापरवाना बंदूक किंवा पिस्तूल बाळगल्यास पूर्वी एक ते तीन वर्षं कैद होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती दोन ते पाच वर्षं झाली. पुरेशी आणि विशेष कारणं नोंदवून न्यायालय किमान शिक्षेपेक्षा कमी देऊ शकतं, आणि कलम ३ च्या गुन्ह्यासाठी खटला भरायला कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. तुमचा हेतू वाईट नव्हता हे तिथे मांडता येईल. कितपत ऐकलं जाईल हे प्रकरणागणिक बदलतं, त्यावर विसंबून राहू नका.

तेव्हा भाऊ परतण्याची वाट पाहू नका. स्कूटरच्या डिकीत पिस्तूल टाकून स्वतः ठाण्यावर किंवा त्याच्या बायकोकडेही निघू नका, कारण वाटेत नाकाबंदीला सापडलात तर तोच गुन्हा आता रस्त्यावर झालेला असेल. आधी तुमच्या जिल्ह्यात फौजदारी काम करणारा वकील गाठा, आजच. भावाला फोन करून त्याच्या ईमेलवरून परवान्याची प्रत आणि सगळी हकिगत लेखी मागवा. मग वकिलामार्फत जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवून शस्त्र आणि काडतुसं तिथे जमा करण्याची व्यवस्था करा आणि पोहोच घ्या. शस्त्रं जमा ठेवून घेण्याचा परवाना असलेले विक्रेतेही असतात, पण तुमच्या हातून ते घेतील का, हे आधी विचारून घ्यावं लागेल. ठाण्यात अधिकारी समजूतदार निघेल की गुन्हाच नोंदवेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही. अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवायचा की नाही हे तो वकील ठरवेल. चिठ्ठी फाडू मात्र नका. ती त्रासाची आहे, पण पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर कशाला घ्यायचा?

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, मुलीने गच्चीवर ‘काडतूस न घालता’ दोनदा नेम धरून चाप ओढून पाहिला. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. कायद्याचं तर सांगतोच, पण आधी यंत्राचं ऐका. पॉइंट टू-टू ची काडतुसं ‘रिमफायर’ असतात; त्यांत ठिणगीचा मसाला तळाच्या कडेत असतो, म्हणून घोड्याची सुई कडेवर आपटते. आत काहीच नसेल तर अनेक पिस्तुलांत ती चेंबरच्या काठावर आदळते आणि काठ खराब होतो. कोणतं पिस्तूल घ्यावं हे विचारण्यापूर्वी कुणाकडून तरी एवढं शिकून घ्यायला हवं होतं.

आता मुलीचं. कलम ९ प्रमाणे एकवीस वर्षं पूर्ण न झालेल्या व्यक्तीने बंदूक-पिस्तूल घ्यायचं किंवा बाळगायचं नाही, आणि अशा व्यक्तीला कुणी ते विकायचं किंवा हस्तांतरित करायचं नाही. वाढदिवसाची भेट, मुलीच्या नावाने खरेदी, ‘तिचं पिस्तूल’, हे सगळं डोक्यातून काढा. मात्र त्याच कलमाच्या पोटकलम (२) मध्ये वाट मोकळी ठेवली आहे. नियमांनी ठरवलेलं वय गाठलेल्या मुलाला, नियमांतल्या अटींवर, प्रशिक्षणादरम्यान शस्त्र वापरता येतं. वयाची मर्यादा शस्त्राच्या प्रकारानुसार वेगवेगळी ठेवण्याची मुभाही तिथेच आहे. तेव्हा आज लागू असलेला नियम नेमबाजी क्लबच्या सचिवांकडून दाखवून घ्या, ऐकीव आकड्यावर जाऊ नका. वापर म्हणजे रेंजवर, जबाबदार प्रौढाच्या नजरेसमोर. सराव संपला की शस्त्र प्रौढाकडे. घरच्या कपाटाची किल्ली किंवा कुलपाचा नंबर मुलीला माहीत असणं त्यात येत नाही.

ही वाट अरुंद वाटत असेल तर एक उदाहरण पुरे. अनीश भानवालाने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर रॅपिड फायरचं सुवर्ण जिंकलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. ती स्पर्धा पॉइंट टू-टू पिस्तुलाचीच.

मूळ प्रश्नाचं उत्तर त्यामुळे फार छोटं राहतं. सध्या कोणतंच घेऊ नका. मान्यताप्राप्त क्लबमध्ये मुलीचं नाव घाला आणि १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करू द्या. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही; पावती आणि ओळखपत्राची प्रत तेवढी जपून ठेवा. पॉइंट टू-टू ची वेळ येईल तेव्हा क्लबचं शस्त्र रेंजवर वापरता येतं. एक काडतूस की मॅगझिन, हा वाद कोचवर सोडा. मॅगझिनच्या पिस्तुलातही एकच काडतूस भरून शिकवता येतं. मुठीचा आकार आणि वजन मुलीच्या हाताला झेपतं का, हे महत्त्वाचं. स्पर्धेच्या पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपर्यंत जाऊ शकतं, आणि चौदा वर्षांच्या मनगटाला ते शेवटच्या शॉटपर्यंत पेलायचं असतं.

पुढे कधी तुम्हाला स्वतःच्या नावाने घ्यायचंच असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण बहुतेक अर्ज इथेच अडकतात. कलम १३(३) प्रमाणे मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याने लक्ष्य-सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल मागितली, तर नकाराचं ठोस कारण नसेल तेव्हा परवाना द्यावाच लागतो. तिथे शब्द रायफल आहे. पिस्तूल ‘इतर प्रकरणांत’ जातं आणि तिथे सबळ कारण दाखवण्याचं ओझं अर्जदारावर येतं. आखूड नळी मनगटाच्या एका झटक्यात कुणाकडेही वळते, त्यामुळे परवाना अधिकारी पिस्तुलाच्या अर्जाकडे साशंक नजरेनेच पाहतात, आणि ते मला चुकीचं वाटत नाही. ‘मुलीला शिकवायचंय’ एवढ्यावर भागणार नाही. क्लबचं सदस्यत्व, सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सरावाची नोंद, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय हे कागद आधी जमवा.

पोलीस अहवालासाठी मुदत ठरलेली आहे आणि अहवाल वेळेत आला नाही तर त्यावाचून निर्णय घेण्याचा अधिकारही कायद्याने दिलेला आहे. तो अधिकार वापरलेला फारसा दिसत नाही. फाइल ठाण्याच्या टेबलावर महिनोन्महिने पडून राहते आणि विचारायला गेलं की साहेब बंदोबस्तावर असतात. पोहोच जपून ठेवा आणि लेखी स्मरणपत्रं देत राहा. नकार आला तर कारणं लेखी मागा. अपिलाची मुदत छोटी असते.

भावाशी झालेला सौदा तसाच पूर्ण करता येणार नाही. तुमच्या हातात परवाना असायला हवा, आणि कलम ५ प्रमाणे त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला विक्रीचा इरादा शस्त्राच्या तपशिलासह लेखी कळवून किमान पंचेचाळीस दिवस जाऊ द्यायला हवेत. इसाऱ्याचे पैसे परत मागा आणि बँकेतूनच घ्या. रोख दिले असतील आणि पावती नसेल, तर ते भावाच्या चांगुलपणावर अवलंबून आहे. त्यासाठी दावा लावू नका, दिवाणी न्यायालयात निकाल लागेपर्यंत मुलगी एकवीस वर्षांची होईल.