खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवायचे आहेत. साध्या पांढऱ्या ट्यूबऐवजी कोणता दिवा लावू?

वॅट बघून दिवा घेऊ नका, दुकानदार तेवढंच सांगतो. बघायचं ते ‘पार’ (PAR), म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश प्रवाळापर्यंत किती पोचतो. झोअँथिड, मशरूम यांसारख्या मऊ प्रवाळांना साधारण 50 ते 150 पार पुरतो. अ‍ॅक्रोपोरासारख्या कडक प्रवाळांना 200 ते 350 लागतो. पार मीटर महाग असतो, एखाद्या मत्स्यपालक मित्राकडून दोन दिवस मागून आणा. एलईडी दिवा घ्या, त्याच्या प्रकाशाचा रंग निळ्याकडे झुकलेला हवा, 420 ते 480 नॅनोमीटरच्या आसपास. प्रवाळाच्या पेशीत राहणारं शेवाळ तोच चांगला वापरतं.

आता खरी गोम. नवा एलईडी पहिल्याच दिवशी पूर्ण लावलात तर प्रवाळ भाजतात: आधी तोंडं मिटून बसतात, मग रंग उडून पांढरेफटक पडतात. 30-40 टक्क्यांवर सुरू करा, दर आठवड्याला 5-10 टक्के वाढवा. दिवसाला 8-9 तास पुरे, टायमर लावाच. आणि झाकणाच्या काचेवरची मिठाची पापडी पुसत जा, ती बराच प्रकाश खाते. (कितीतरी जण काच न पुसताच दिवा बदलतात!)

भारतात असाल तर एक लक्षात ठेवा: कडक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. दुकानात 'मिळतात' म्हणून घेऊ नका. मऊ प्रवाळांपुरता मध्यम दिवाच घ्या, पैसेही वाचतील.