मेटकाफ आडनावाचं कुलचिन्ह लग्नपत्रिकेवर छापावं का?

छापू नका.

तुम्ही लिहिलंय की होणारा नवरा मेटकाफ आहे, घरचे मूळचे यॉर्कशायरचे, आणि एका वेबसाइटवर मिळालेली तीन काळ्या वासरांची पांढरी ढाल पत्रिकेवर घ्यायचा विचार आहे. आडनाव कुठून आलं तेही तुम्हाला हवंय. मी लग्न करून याच आडनावाच्या घरात आले, त्यामुळे गप्प बसवत नाही.

इंग्लंडात कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं. त्याच्यामागून ते त्याच्या औरस, पुरुषवंशातल्या वारसांकडे जातं. 1484 पासून लंडनची कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था हेच काम बघते. एका पाटलाच्या नावावर सातबारा आहे म्हणून महाराष्ट्रातल्या प्रत्येक पाटलाने त्या शेतात नांगर घालायचा का? आडनाव टाइप करून घेतलं की ढाल छापून देणारी दुकानं नेमकं हेच करतात.

ती वासरं नॅपा हॉलच्या मेटकाफांची. वेन्स्लीडेलच्या खोऱ्यात, अस्क्रिग गावाजवळ हा वाडा पंधराव्या शतकात उभा राहिला. त्या घरातला जेम्स मेटकाफ 1415 मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टला लढला होता. पुढे 1556 मध्ये सर ख्रिस्तोफर यॉर्कशायरचा शेरीफ झाला, तेव्हा न्यायाधीशांना सामोरा जाताना त्याने पांढऱ्या घोड्यांवरचे तीनशे भाऊबंद बरोबर नेले असं सांगतात. आडनावाच्या शेवटी 'काफ', म्हणजे वासरू, म्हणून ढालीवर वासरं. आडनावाच्या पहिल्या भागाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही.

आमच्या घरी हीच ढाल दिवाणखान्यात टांगलेली होती. लग्नानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला चुलतसासऱ्यांनी ती मला दाखवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्याकडे असं काही नसतं, नाही का?" माझ्या वडिलांनी आमचा कुलवृत्तांत पुरा व्हावा म्हणून कोकणातल्या गावोगाव पत्रं धाडली होती. कुणाचा मुलगा कुठे दत्तक गेला, कोण देशावर उतरलं, कोण निपुत्रिक वारलं, सगळं नोंदवलं होतं. ते वाक्य मला फार लागलं.

म्हणून मी त्यांच्याच घराण्याच्या मागे लागले. इकडे चर्चच्या नोंदवह्या 1538 पासून सुरू होतात (प्रत्येक गावच्या टिकल्या आहेत असं नाही), सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी 1837 पासून, आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिणारी जनगणना 1841 पासून. नवऱ्याचे खापरपणजोबा लँकेशरमधल्या बर्न्लीच्या कापड गिरणीत सापडले. त्यांचे वडील यॉर्कशायरच्या स्वेलडेल खोऱ्यात शिशाच्या खाणीत कामाला. लग्नाच्या नोंदीत सहीच्या जागी फुली. त्याच्या मागे एकाच नावाचे इतके मेटकाफ एकाच चर्चच्या हद्दीत निघतात की आपला कोणता ते ठरवता येत नाही. नॅपा हॉलशी नातं जोडणारा एकही कागद नाही.

मी हे सगळं मांडल्यावर चुलतसासरे म्हणाले, खाणकामगार भिंतीवर लावायच्या लायकीचा नसतो. आजही मला याचा राग येतो. त्या खोऱ्यांतली माणसं कामावर चालत जातानाही हातात सुया घेऊन मोजे विणायची, कारण नुसत्या खाणीवर पोट भरत नव्हतं. 1880 च्या सुमारास स्पेनचं स्वस्त शिसं आलं, भाव पडला, खाणी बंद झाल्या आणि गावं ओस पडली. कोणी डरहॅमच्या कोळसा खाणींत गेलं, कोणी लँकेशरच्या गिरण्यांत. काहीजण त्याच्या आधीच अमेरिकेत मिसिसिपीच्या वरच्या भागातल्या शिशाच्या खाणींवर पोचले होते. लँकेशरमध्ये आज एवढे मेटकाफ का आहेत, याचं मोठं कारण ही उपासमार आहे, तीनशे घोडेस्वार नाहीत.

अभिमान धरायला माणसं हवीत तर नेर्सबरोचा जॉन मेटकाफ घ्या (तो इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचा 'ई' लावत नसे, त्यावरून घराणं वेगळं ठरत नाही). सहाव्या वर्षी देवीने डोळे गेले, पोटासाठी फिडल वाजवली आणि पुढे उत्तर इंग्लंडमध्ये सुमारे 180 मैल रस्ते बांधले. दलदलीवर झुडपांच्या मोळ्या अंथरून त्यावर रस्ता घालायची त्याची पद्धत होती. 1810 मध्ये नव्वदी पार करून वारला. ढालवाल्यांपैकीच हवा असेल तर चार्ल्स मेटकाफ आहे. जन्म कलकत्त्याचा. हंगामी गव्हर्नर जनरल असताना 1835 मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या छापखान्यांवरची बंधनं उठवली, त्या वेळी मुंबईत जांभेकरांचं 'दर्पण' निघत होतं. पण तोही तुमच्या होणाऱ्या नवऱ्याचा पूर्वज आहे असं कागदाशिवाय म्हणू नका.

आता दोन गोष्टी राहिल्या. तुमच्या सासरी नॅपापर्यंत सलग वंशावळ असेल तर मी वर लिहिलेलं लागू नाही. कॉलेज ऑफ आर्म्सकडून फी भरून तपासून घ्या आणि खुशाल छापा. आणि पत्रिकेवर ढाल छापली म्हणून इंग्लंडात कोणी पकडायला येणार नाही, कुलचिन्हांचे तंटे बघणारं तिथलं शौर्य-न्यायालय 1954 नंतर बसलेलंच नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र लॉर्ड लायनचं, म्हणजे कुलचिन्हं बघणाऱ्या अधिकाऱ्याचं, कोर्ट आजही खटला चालवू शकतं.

सासूबाईंना त्यांच्या आजेसासऱ्यांचं गाव विचारा आणि पत्रिकेवर ते गाव छापा. कोणी म्हणालं की खाणीचं गाव कशाला, तर त्यांना ती फुलीची नोंद काढून दाखवा.