जुन्या इमारतीच्या अंगणातली शहाबादी काढून पेव्हर ब्लॉक टाकावेत का?

तुमची इमारत पुण्यातली, १९६२ सालची. दुरुस्तीत अंगणातली उंचसखल झालेली शहाबादी काढून पेव्हर टाकू, पाणी जिरतं, पर्यावरणाला बरं, असं ठेकेदार म्हणतोय. त्याला आधी एकच विचारा: काढलेली फरशी तू कुठे नेणार?

आमच्या सोसायटीत हे विचारायचं राहून गेलं. राडारोडा म्हणून ट्रॅक्टरभर फरशी गेली, उचलायचे पैसेही आम्हीच दिले आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच फरशी एका फार्महाउसच्या ओट्यावर लागलेली मी पाहिली. ओळखली कशी? आमच्या चिरंजीवांनी खिळ्याने कोरलेले स्टंप होते तिच्यावर.

ती फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादेहून चारेकशे किलोमीटर प्रवास करून कधीच येऊन पडलेली आहे. खाणीचा, वाहतुकीचा पर्यावरणावरचा सगळा भार साठ वर्षांपूर्वीच होऊन गेला. आता तुम्ही जे नवं आणाल, मग तो सिमेंटचा पेव्हर असो की राजस्थानातून येणारा कोटा, त्याचा भार नव्याने पडणार.

पेव्हरमधून पाणी जिरतं हे खरं, पण फक्त खाली मुरूम-खडी आणि दर्जांमध्ये, म्हणजे दोन ब्लॉकमधल्या फटींत, नुसती कच (दगडाचा बारीक चुरा) असेल तर. आमच्या पुढच्या अंगणात खाली चार इंच काँक्रीट ओतलं, वरून दर्जाही सिमेंटने भरल्या. जिरणार कुठे? शिवाय अंगणाची पातळी वर आली, पाणी जोत्याकडे वळलं आणि पहिल्याच पावसाळ्यात तळमजल्यावरच्या देशपांडे काकूंच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल चढून पोपडे सुटले.

मागच्या अंगणाच्या वेळी शहाणे झालो होतो, तीच फरशी पुन्हा बसवायची ठरवली. फरश्या पहारीने उचलून भिंतीला उभ्या लावल्या. गवंडी प्रत्येकीवर हातोडीची मूठ आपटायचा: खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर आत पापुद्रे सुटलेत म्हणून बाजूला. जिथे खाली चुना होता तिथला माल छिन्नीच्या दोन टोल्यांत सुटला. नंतर कधीतरी सिमेंटने बसवलेल्या मात्र निम्म्या फुटल्या. दोन फूट बाय दोन फुटांची फरशी पंचवीस-तीस किलोची असते, दोन माणसं लावा. वरची बाजू गुळगुळीत झाली असेल तर उलटी करून, टाकी मारून (छिन्नीने टोचून खरखरीत करून) घ्या; पावसात म्हातारी माणसं घसरत नाहीत. पॉलिश केलेला कोटा उघड्यावर तर नकोच.

खालचं काम जास्त महत्त्वाचं. काळी माती लागली तर ती काढायचीच, कारण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तुमची फरशी उंचसखल होण्यामागे बहुधा तीच असेल. मुरूम थराथराने घालून, पाणी मारून धुम्मसाने ठोकून घट्ट बसवायचा, त्यावर दोन इंच कच आणि वर फरशी, दर्जा कचेनेच भरून. ढाळ भिंतीपासून दूर, शंभर इंचांना एक इंच तरी हवा. भिंतीलगतची दीड फूट पट्टी फरशीविना सोडून खडी भरा, म्हणजे भिंतीच्या बुडाची ओल बाहेर पडायला वाट राहते. पाणी मात्र तिथे जिरवू नका, पाया काळ्या मातीत असेल तर अजिबातच नको. जिरवायचा खड्डा लांब, आवाराच्या टोकाला.

गाड्या उभ्या राहतात तिथे हट्ट सोडा. इंचभर जाडीची शहाबादी कचेवर मोटारीखाली टिकत नाही. तिथे ८० मिलिमीटरचे पेव्हर घ्या, चाकांच्या दोन पट्ट्यांपुरतेच घातले तरी भागतं.

काम संपल्यावर 'साफ करून देतो' म्हणत कुणी अ‍ॅसिडचा कॅन आणला तर गेटवरच थांबवा. शहाबादी म्हणजे चुनखडीच, अ‍ॅसिड पडलं की फसफसते आणि पांढरे डाग कायमचे राहतात. आमच्याकडे नळाजवळ तसे दोन आहेत.