प्लॅन मुलाचा, मग निर्णय कोणाचा?

प्रश्न: आम्ही मेलबर्नला राहतो. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. टॅबलेटवर एकेक अक्षर निवडून तो बोलतो. एनडीआयएस ही इथली अपंगांसाठीची सरकारी योजना. त्याला कोणती मदत मिळावी याचा प्लॅन ठरवायच्या मीटिंगमध्ये योजनेच्या प्लॅनर बाईंनी मला थांबवून त्यालाच विचारलं, "तुला काय हवंय?" त्याने उत्तर दिलं, "शनिवारी फुटबॉलची मॅच. आईशिवाय." माझ्या मते मदतीचे ते तास फिजिओथेरपीला जायला हवेत. शिवाय सरकारच्या पैशाने मौजमजा, हे मनाला पटत नाही. मी नॉमिनी होऊन त्याच्या वतीने ठरवू शकते का? – एक आई

उत्तर: ताई, इतकी वर्षं त्याचा शब्दन् शब्द तुम्हीच ओळखत आलात, त्यामुळे "तुम्ही थांबा" हे ऐकताना काय वाटलं असेल ते मी समजू शकते. पण त्या बाईंचं बरोबर होतं. एनडीआयएसचा कायदा २०१३ चा आहे. आपल्या आयुष्याबद्दल इतरांसारखंच स्वतः ठरवण्याचा अधिकार अपंग व्यक्तीला आहे, हे त्याच्या सुरुवातीच्या तत्त्वांतच लिहिलंय. तुमचा मुलगा सज्ञान आहे आणि प्लॅन त्याचा आहे.

नॉमिनी सहसा सदस्याने स्वतः मागितला तरच नेमतात. त्याच्या मागणीशिवाय नेमणूक क्वचितच होते. आणि नॉमिनी झालात तरी त्याची इच्छा जाणून घेणं तुमच्यावर बंधनकारक राहील. मॅच थांबवण्यासाठी हा मार्ग नाही.

सपोर्ट कोऑर्डिनेटर, म्हणजे प्लॅनमधली मदत जुळवून देणारी, म्हणून मी अशा पुष्कळ मीटिंगांना बसले आहे. एक मुलगी अशीच स्क्रीनवर अक्षरं निवडत होती. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत वडील तीनदा मध्ये बोलले. अखेर वाक्य उमटलं: "आंघोळ संध्याकाळी." सपोर्ट वर्कर सकाळी सातला यायची आणि त्या वेळी मुलीचे स्नायू इतके ताठ असायचे की आंघोळ तिला दुखायची. घरात कोणालाच याचा पत्ता नव्हता. वडील प्रेमळ होते हो, फक्त त्यांना थांबवत नव्हतं.

आता पैशांचं. फिजिओ आणि मॅच यांत तुम्ही समजता तशी ओढाताण बहुधा नसेल. थेरपीचे पैसे सहसा 'कपॅसिटी बिल्डिंग'मधून, म्हणजे क्षमता वाढवण्यासाठीच्या निधीतून येतात आणि सोबत जाणाऱ्या सपोर्ट वर्करचे 'कोअर'मधून, म्हणजे रोजच्या मदतीच्या निधीतून. प्लॅनची कागदं काढून बघा. मॅचचं तिकीट एनडीआयएस देत नाही, ते त्याने स्वतःच्या पैशांतून काढायचं. योजना देते ती सोबत, कारण ती त्याच्या अपंगत्वामुळे लागते. कायद्याच्या भाषेत मदत 'वाजवी आणि आवश्यक' हवी, आणि मित्रांसारखं मैदानात जाऊन बसता येणं ही काही चैन नाही. ही मदत उत्पन्न बघूनही दिली जात नाही. २०१४ च्या जुलैपासून मेडिकेअर लेव्ही, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी उत्पन्नावर लागणारा कर, दीड टक्क्यावरून दोन टक्के झाली, ती या योजनेला हातभार म्हणूनच. तुमच्या घरातला कर भरणारा माणूसही ती भरतो. तेव्हा उपकार घेतोय असं मनात आणू नका.

पुढच्या मीटिंगआधी त्याला घरी निवांतपणे लिहू द्या आणि ते टॅबलेटवर सेव्ह करून ठेवा. प्लॅनरकडे जास्त वेळ मागून घ्या. शब्द अर्धा दिसला तरी तुम्ही पुरा करू नका, हे कठीण जाईल तुम्हाला. तुमच्या मनातली काळजी तुमचं म्हणणं म्हणून वेगळी लिहून द्या. ती जरूर विचारात घेतात. त्यातच हेही लिहा की यापुढे तुमच्याच्याने काय उचलवत नाही.

फिजिओचे तास खरोखरच कमी झाले तर निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांत फेरतपासणी मागता येते. तिथेही समाधान झालं नाही तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल या सरकारी निर्णय तपासणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येतं. अर्थात अर्ज त्याच्या संमतीने करायचा. आणि शनिवारी तो मॅचला जाईल तेव्हा मोकळ्या वेळात 'केअरर गेटवे'ला एक फोन करा. सांभाळ करणाऱ्यांसाठीची ही सरकारी सेवा आहे. तिथे समुपदेशन विनामूल्य मिळतं, आणि ते तुमच्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही.